तिन्ही कर्जं एकत्र करावीत का?

प्रश्न : वाळूजच्या कंपनीत नोकरी करतो. क्रेडिट कार्डाचे ६० हजार, पर्सनल लोनचे दीड लाख (१४ टक्के) आणि दुचाकीचे ४० हजार बाकी आहेत. एजंट म्हणतो, १६ टक्क्यांनी पाच वर्षांचं अडीच लाखांचं एकच कर्ज घ्या, हप्ता निम्म्यावर येईल. घ्यावं का?
— एक वाचक, क्रांती चौक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : सगळं एकत्र करू नका. हप्ता ६,०८० रुपयांवर येईल खरा, पण पाच वर्षांत व्याजच सुमारे १ लाख १५ हजार जाईल. हप्ता कमी होतोय तो मुदत लांबल्यामुळे. एजंट हे सांगत नाही. चौदा टक्क्यांचं कर्ज सोळावर नेण्यात शहाणपण कसलं? शिवाय पर्सनल लोन स्थिर व्याजदराचं असेल तर मुदतपूर्व फेडीचं शुल्कही लागू शकतं.

खरी आग कार्डाला लागली आहे. महिना साडेतीन टक्के धरले तर २,१०० रुपये नुसतं व्याज, वर जीएसटी. तेवढेच ६० हजार १६ टक्क्यांनी दीड वर्षासाठी घ्या : हप्ता सुमारे ३,७७०, एकूण व्याज आठ हजारांच्या आत. मग कार्ड कपाटात ठेवा, नाहीतर तीनची चार कर्जं होतील. सही करण्याआधी बँकेकडे 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. प्रक्रिया शुल्क धरून वर्षाला नेमका किती टक्के खर्च येतो, ते त्यात दिसतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ते तुम्हाला समजणाऱ्या भाषेत द्यावं लागतं, मराठीतच मागा.