मागणीची पारख

खुर्ची बनविणाऱ्या सुताराचा अंदाज चुकला, तरी निदान लाकूड त्याच्या हाती राहते. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याचा अंदाज चुकला, तर हाती काहीच उरत नाही. त्याचे भांडवल म्हणजे बहुधा त्याच्या आयुष्यातील काही महिने. नोकरी सोडून आणि साठविलेल्या पैशांवर घर चालवून खर्ची घातलेले. म्हणून ‘हे कसे बनवावे?’ या प्रश्नाआधी ‘हे कोणाला हवे आहे काय?’ हा प्रश्न यावयास हवा. प्रत्यक्षात तो शेवटी येतो, कारण पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात आनंद असतो आणि दुसऱ्याच्या उत्तराची धास्ती वाटते.

परिचितांना विचारून भागत नाही. ‘कल्पना छान आहे’ असे ते म्हणतात. त्यात लबाडी नसते, केवळ भीड असते. असा होकार देताना बोलणाऱ्याला काहीही सोडावे लागत नाही. म्हणून खऱ्या मागणीविषयी त्यातून फारसे कळत नाही. कसोटी अशी हवी की, उत्तर देणाऱ्याला थोडी तरी झीज सोसावी लागेल.

जोएल गॅस्कॉइन या इंग्लंडमधील तरुणाने 2010 साली अशी एक कसोटी घेतली. आज लिहिलेले संदेश पुढे ठरलेल्या वेळी तेव्हाच्या ट्विटरवर आपोआप प्रसिद्ध व्हावेत, अशी सोय करण्याची त्याची कल्पना होती. ‘बफर’ असे तिचे नाव. त्याने आधी आज्ञावली लिहिली नाही. संकेतस्थळाची केवळ दोन पाने तयार केली. पहिल्या पानावर या सोयीचे वर्णन आणि दर पाहण्यासाठी एक कळ होती. ती दाबणाऱ्यास दुसऱ्या पानावर सांगितले जाई की, काम अद्याप तयार नाही. पत्ता ठेवल्यास कळवू. काहींनी आपला ई-मेल पत्ता ठेवला आणि त्यांच्याशी त्याने पत्रव्यवहार केला.

तथापि, पत्ता देणे म्हणजे पैसे देणे नव्हे. म्हणून त्याने या दोन पानांच्या मध्ये तिसरे पान घातले. त्यावर तीन पर्याय होते: विनामूल्य, दरमहा 5 डॉलर आणि दरमहा 20 डॉलर. बहुतेकांनी विनामूल्य पर्याय निवडला असता तरी नवल नव्हते. त्याला पाहावयाचे होते ते इतकेच की, पैशांचा आकडा समोर दिसूनही कोणी पुढे जातो की नाही. काहीजण गेले. त्यानंतरच त्याने आज्ञावली लिहावयास घेतली, तीही अगदी मोजक्या सोयींची. कल्पनेपासून पैसे देणारे ग्राहक मिळेपर्यंत सात आठवडे लागले.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावी. काम तयार नाही, हे त्याने लपविले नाही आणि कोणाकडून पैसेही घेतले नाहीत. पैसे घेऊन मग बनवावयास बसणे हा निराळा व्यवहार आहे. त्यात परत करण्याची तयारी आधी हवी.

काही वस्तू दोन पानांत समजावून देता येत नाहीत. अनेक संगणकांवरील फायली एकसारख्या ठेवणाऱ्या ‘ड्रॉपबॉक्स’चे तसेच होते. तिच्या संस्थापकांनी 2008 साली प्राथमिक नमुना चालवून दाखविणारी एक छोटी चित्रफीत प्रसिद्ध केली. प्रतीक्षायादीतील नावे एका रात्रीत सुमारे 5,000 वरून 75,000 वर गेली. अर्थात नाव नोंदविणे फुकट होते, हेही विसरू नये.

भारतातील ‘रेडबस’चा अनुभव याच्या उलट बाजूने पाहण्याजोगा आहे. 2005 च्या दिवाळीत फणींद्र सामा यांना बंगळूरहून घरी जाण्यासाठी बसचे तिकीट मिळाले नाही. त्यांनी व त्यांच्या मित्रांनी नोकरीत असतानाच बसमालकांसाठी आसन-आरक्षणाचे सॉफ्टवेअर तयार केले आणि मग ते त्यांच्याकडे नेले. बसमालकांनी ते स्वीकारले नाही. त्यांचा व्यवहार दूरध्वनीवर आणि वहीवर ठीक चालला होता. तिकिटाची अडचण त्यांची नव्हतीच, ती प्रवाशाची होती. तेव्हा या मित्रांनी सॉफ्टवेअर विकण्याचा विचार बाजूला ठेवला, मालकांकडून थोडी आसने मागून घेतली आणि 2006 मध्ये ती स्वतःच प्रवाशांना विकावयास सुरुवात केली. ती तिकिटे मात्र खपली.