शोषखड्डा आहे, तरी बाग का सुकते?

प्रश्न : आमच्या शाळेत परसबाग आहे आणि गच्चीचं पाणी जिरवायला शोषखड्डाही खणला आहे. पावसाळ्यात तो कितीही पाणी पितो. तरी फेब्रुवारी उजाडला की वांगी माना टाकतात. मग जिरवलेलं पाणी जातं कुठे?
– एक शिक्षिका, काचीगुडा, हैदराबाद

उत्तर : बाई, खड्ड्याला बोल लावू नका. त्याचं काम पाणी जिरवण्याचं, आणि ते तो चोख करतो. आपण त्याच्याकडून साठवणीची आशा धरली, इतकंच.

हैदराबादच्या पोटात ग्रॅनाइट आहे. अखंड ग्रॅनाइटमध्ये पाणी शिरत नाही; ते वरच्या झिजलेल्या थरातून आणि भेगांमधून उताराकडे सरकतं. कुणाच्या तरी बोअरला ते लागेल, तुमच्याच असं नाही. वांग्याच्या मुळांपर्यंत मात्र ते वर चढून येत नाही. या खडकावर पाणी हाताशी ठेवायचं तर ते अडवूनच ठेवावं लागतं. सोळाव्या शतकातला हुसेनसागर, 1908 च्या मुसी नदीच्या महापुरानंतर बांधलेला उस्मानसागर, दोन्ही शेवटी साठेच.

तेव्हा बागेला टाकी हवी. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर गच्चीवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. हैदराबादला वर्षाकाठी साधारण 800 मिलिमीटर पाऊस पडतो. शंभर चौरस मीटर गच्चीवर 80,000 लिटर झालं. सांडलवंड वगळून 60,000 धरा. एवढं सगळं साठवायची गरज नाही. वीस चौरस मीटर वाफ्यांना दिवसाला शंभर लिटर दिलं, तर दहा हजार लिटरची टाकी शंभर दिवस पुरते. परतीच्या पावसाने ती काठोकाठ भरून घ्या आणि नोव्हेंबरअखेर, ओल सरली की उघडा. मार्च येईतो निभावेल.

आणि एप्रिल-मे? एप्रिल सरता सरता शाळेला सुट्टी लागते. पाणी घालणार कोण आणि भाजी खाणार कोण? मे महिन्यात टोमॅटो जगवण्याचा हट्ट सोडा. शेवगा, कढीपत्ता राखा, बुंध्याशी पालापाचोळ्याचा जाड थर द्या.

साठवलेलं पाणी नासतं, हा समज अर्धाच खरा. शेवाळाला उजेड लागतो, डासांना उघडं तोंड. टाकी अपारदर्शक आणि झाकलेली असली, ओव्हरफ्लोच्या तोंडाला बारीक जाळी असली आणि गच्ची धुऊन काढणारा पहिला पाऊस बाहेर सोडला, की झाडांना ते पाणी उत्तम. पिण्याची गोष्ट वेगळी.

खड्डा बुजवू मात्र नका. टाकीचा ओव्हरफ्लो त्यातच सोडा, आणि जून लागायच्या आत त्यातला गाळ उपसून घ्या.