जमा आणि नावे

रेणापूरच्या शेतकऱ्याला मोंढा नवा नाही. तूर, सोयाबीन आडतीवर घालायची, अडीअडचणीला उचल घ्यायची. दुकानदार सारे वहीत लिहितो. आपले पैसे आले, की जमा. आपण घेतले, की नावे.

गणितात जमेला 'धन' म्हणतात. देण्याला 'ऋण' म्हणतात. ऋणाच्या आधी आडवी रेघ काढतात. ब्रह्मगुप्त नावाच्या गणितीने याचे नियम इ. स. ६२८ मध्येच लिहून ठेवले.

समजा, तुमच्याकडे ५०० रुपये देणे आहे. आणखी २०० उचल घेतली.
−५०० − २०० = −७००
देणे वाढले.

मग तुरीचे १००० जमा झाले.
−७०० + १००० = ३००
देणे फिटून ३०० येणे राहिले.

पण वहीत येणे १०० च दिसते! असे का? नीट वाचा. २०० ची उचल दोनदा लिहिली आहे. जादा नोंद काढायला सांगा.
१०० − (−२००) = १०० + २०० = ३००

ऋण काढून टाकले, की तेवढेच धन वाढते. देणे कमी होणे म्हणजे पैसा मिळणेच!

म्हणून आधी वही वाचा, मग सही करा.

करून पाहा :
−४०० + १५० = ?
५० − (−१००) = ?