खरा रसिक

आवडीने ऐकणारे व पाहणारे पुष्कळ असतात. परंतु आवडीसाठी कष्ट घेणारे थोडे. पुरुषोत्तम लक्ष्मण देशपांडे हे त्या थोड्यांपैकी एक होत. त्यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१९ रोजी मुंबईत झाला. महाराष्ट्र त्यांना ‘पु. ल.’ या नावाने ओळखतो.

विनोद, काव्य आणि संगीत या तिन्हींवर त्यांचे सारखेच प्रेम होते. ‘बटाट्याची चाळ’ या प्रयोगात ते एकटेच चाळीतील अनेक बिऱ्हाडकरू उभे करीत आणि सभागृह हास्याने दुमदुमून जाई. दिल्लीत १९५९ साली दूरचित्रवाणी सुरू झाली, तेव्हा त्या नव्या माध्यमाच्या आरंभकाळातही त्यांनी काम केले. पेटीवर त्यांची बोटे लीलया फिरत. तरी मोठ्या गवयाची मैफल असली, की ते श्रोत्यांत बसून मनापासून दाद देत.

स्वतःला लाभलेला आनंद इतरांना वाटल्यावाचून त्यांना राहवत नसे. म्हणून बा. भ. बोरकर व बा. सी. मर्ढेकर यांच्या कविता त्यांनी पत्नी सुनीताबाईंसह रसिकांपुढे वाचून दाखविल्या. रवींद्रनाथांचे साहित्य मूळ भाषेत वाचावे, या ओढीने पन्नाशीच्या सुमारास ते शांतिनिकेतनात जाऊन राहिले व बंगाली शिकले. एवढ्या कीर्तिमान लेखकाला पुन्हा विद्यार्थी होण्यात कमीपणा वाटला नाही.

१२ जून २००० रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कला आवडणे सोपे आहे. तिच्यासाठी विद्यार्थी होणे, हीच खरी रसिकता होय.