विंचवाचे विष आणि स्वायत्त चेतासंस्था

चढण धावत चढलात की छाती धडधडू लागते. हृदयाला हा हुकूम कोण देते? तुम्ही तर खासच नाही! हृदय, रक्तवाहिन्या, आतडी यांची आपल्या इच्छेवाचून चालणारी कामे स्वायत्त चेतासंस्था पाहते. तिचे दोन विभाग आहेत. अनुकंपी विभाग संकटकाळी हृदयाची गती वाढवतो व त्वचेतील रक्तवाहिन्या आकुंचित करतो. परानुकंपी विभाग हृदयाची गती कमी करतो व पचनास चालना देतो. एक पराणी, तर दुसरा कासरा!

हा तोल बिघडला तर काय होते, हे महाड-पोलादपूरच्या डोंगराळ भागात आढळणारा लाल विंचू दाखवून देतो.

चेतापेशीच्या आवरणात सूक्ष्म दारे असतात. ती उघडली की सोडियमचे आयन आत शिरतात आणि आवेग निर्माण होतो. दारे लगेच मिटतात व पेशी शांत होते. विंचवाचे विष ही दारे नीट मिटूच देत नाही. मग आवेगांमागून आवेग सुटत राहतात. उलट्या होतात, दरदरून घाम येतो, हातपाय गार पडतात. नॉरॲड्रेनॅलिनचा पूर येऊन रक्तवाहिन्या आवळल्या जातात. त्यांच्याविरुद्ध रक्त ढकलता ढकलता हृदय थकते आणि फुप्फुसांत पाणी साचते. रोगी दगावतो तो यामुळे.

डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली महाडजवळच्या बिरवाडी येथील प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाच्या रोग्यांच्या उशाशी बसून त्यांनी नाडी, रक्तदाब, श्वास यांच्या बारीक नोंदी केल्या. १९८२ साली त्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या. मूळ दुखणे आवळलेल्या रक्तवाहिन्यांत असेल, तर त्या सैल केल्या पाहिजेत, हा त्यांचा विचार. रक्तदाबावरील प्राझोसिन हे औषध नेमके तेच करते. नॉरॲड्रेनॅलिन ज्या ग्राहींवर जाऊन बसते, त्या जागा ते आधीच अडवते. कुलपात दुसरी किल्ली अडकली की खरी किल्ली आत जात नाही, तसेच हे. १९८६ साली ही उपचारपद्धतीही 'लॅन्सेट'मध्ये आली. पूर्वी गंभीर रोग्यांपैकी शेकडा तीस-चाळीस दगावत. वेळेवर उपचार मिळाल्यास हे प्रमाण शेकडा एकच्या आसपास आले. २०२२ साली डॉ. बावस्करांना 'पद्मश्री' मिळाली.

म्हणून विंचू चावल्यास मंत्र-उताऱ्यात वेळ घालवू नका. वेदना कमी आहेत म्हणून निश्चिंतही राहू नका. तडक दवाखाना गाठा. लाकूडफाटा व दगड उचलताना आणि चपला घालताना आधी नीट पाहा.

आता विचार करा: प्राझोसिन विष नष्ट करत नाही, तरीही रोगी का वाचतो?