वाणीचे तप

सतराव्या अध्यायाच्या पंधराव्या श्लोकात वाङ्मय तप सांगताना भगवंतांनी सत्य, प्रिय व हितकर भाषणाबरोबरच ‘स्वाध्यायाभ्यसन’ हा शब्द योजिला आहे. अभ्यसन म्हणजे पुनःपुन्हा आवर्तन. हे तप किती कठोर, याची कल्पना गुरूंसमोर संथा घेणाऱ्या विद्यार्थ्याला पाहिल्यावाचून येत नाही. संहितेमागून पद, मग क्रम. जटेत प्रत्येक जोडी एक-दोन, दोन-एक, एक-दोन अशी गुंफावयाची. घनात तिसरे पद मिळवून पुन्हा उलटसुलट. एक पद गळाले की वीण तेथेच उसवते.

ही नुसती घोकंपट्टी, असे म्हणणाऱ्यांनी त्वष्ट्याची कथा आठवावी. ‘इन्द्रशत्रु’ शब्दातील उदात्त अन्त्य अक्षराऐवजी आद्य अक्षरावर पडला. तत्पुरुषाचा बहुव्रीहि झाला आणि इन्द्राला मारण्यासाठी निर्मिलेला वृत्र इन्द्राच्याच हातून मेला. अक्षरे तीच, केवळ स्वर पालटला!

युनेस्कोने २००३ साली या पठणपरंपरेचा गौरव केला व २००८ मध्ये तिला मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या सूचीत स्थान दिले, हे योग्यच झाले. परंतु कृष्णयजुर्वेदाची काठक संहिता आज छापील मिळते. ती परंपरेने म्हणणारे मुख मात्र शोधूनही सापडत नाही.