अद्भुत कादंबरी आणि कपाळावरची जखम

गेल्या वर्षभरात अभ्यासक्रमाबाहेरची म्हणून जी पुस्तके मी वाचली, त्यांत बहुतेक अद्भुत आणि किशोर कादंबऱ्या होत्या. एम.ए.च्या वर्गात बसणारी मुलगी जादूगारांच्या आणि शाळकरी पोरांच्या गोष्टी वाचते, ह्याचे वसतिगृहातल्या मैत्रिणींना हसू येई. "अगं, नेट-सेटचं काहीतरी वाच," असा सल्लाही मिळे. ह्या पुस्तकांनी मला काय दिले, हे थोडक्यात सांगावे म्हणून हा लेख. हे समीक्षण नव्हे. एका वाचकाच्या मनावर उमटलेले पडसाद आहेत.

मराठी कादंबरीचा आरंभकाळ अद्भुताने भरलेला आहे. 'यमुनापर्यटन' १८५७ सालीच सामाजिक प्रश्न घेऊन आली. पण वाचकांना वेड लावले ते हळब्यांच्या 'मुक्तामाला'ने (१८६१) आणि नारो सदाशिव रिसबूड ह्यांच्या 'मंजुघोषा'ने (१८६८). रिसबुडांनी आपल्या प्रस्तावनेत अद्भुताचे कारणही सांगून ठेवले आहे. आपल्या लोकांची राहणी आणि बालविवाहासारख्या चालीरीती पाहता रोजच्या जीवनात मन रमवील असे काही सापडत नाही. तेव्हा लेखकाने कल्पनेकडे वळावे, हा त्यांच्या म्हणण्याचा आशय. मला हे विधान फार बोचले. आपल्या जगण्यात सांगण्यासारखे काही नाही, असे एका लेखकाला वाटावे आणि त्यातून एक वाङ्मयप्रकार वाढावा, ही थोडी खिन्न करणारी गोष्ट आहे.

पुढे नाथमाधवांची 'वीरधवल' मी तीन दिवसांत संपवली. तिचा वेग आजही ओसरलेला नाही. पण वीरधवलाहून मला नाथमाधवांचेच आयुष्य अधिक आठवत राहिले. द्वारकानाथ माधव पितळे हे त्यांचे खरे नाव. ऐन तारुण्यात सिंहगडाच्या परिसरात शिकारीला गेले असता ते कड्यावरून कोसळले आणि त्यांचे कमरेखालचे अंग लुळे पडले. त्यानंतर हा माणूस लेखणीकडे वळला आणि त्याने मराठी वाचकांना रानावनांतून, गडकिल्ल्यांतून हिंडवले. ही एवढी मोठी जखम त्यांच्या अद्भुत कथेत कोठे उतरली, हे मी शोधत होते. मला तरी ती सापडली नाही. त्या काळच्या नायकाला पराक्रमाची किंमत मोजावी लागत नाही. तो आरंभी जितका शूर आणि शुद्ध, तितकाच अखेरीसही असतो. संकटे त्याच्या अंगावरून वाहून जातात.

अलीकडच्या अद्भुत कादंबऱ्यांत हेच बदलले आहे, असे मला वाटते. 'हॅरी पॉटर आणि परीस' हा पहिल्या भागाचा मराठी अनुवाद मी जळगावच्या वल्लभदास वालजी वाचनालयात बसून वाचला. (मूळ इंग्रजी पुस्तक १९९७ सालचे.) शीर्षकातला 'परीस' हा शब्द मला विशेष आवडला. लोखंडाचे सोने करणारा परीस आपल्या संतांनी घरोघर पोचवलेला आहे. त्यामुळे ही परक्या देशाची वस्तू चटकन आपली झाली. ह्या कादंबरीतला परीस ज्याला तो वापरायचा नाही, नुसता शोधायचा आहे, त्याच्याच हाती लागतो. आणि ज्या पोराच्या हाती तो लागतो, त्याच्या कपाळावर एक व्रण आहे. आईने स्वतःचा जीव देऊन त्याला वाचवले, त्या रात्रीची ती खूण. वैरी जवळ आला की ती ठणकते.

त्यानंतर शब्दकोश उशाशी ठेवून अर्सुला ल ग्विन ह्या अमेरिकन लेखिकेचे 'अ विझर्ड ऑफ अर्थसी' (१९६८) मूळ इंग्रजीत वाचले. त्याचा नायक गेड हा डोंगराळ बेटावरचा, शेळ्या राखणारा पोर. मावशी शेळ्यांना बोलावताना जे शब्द उच्चारते ते तो ऐकतो, आपणही म्हणून पाहतो आणि सगळा कळप त्याच्याभोवती दाटतो. त्याची विद्या सुरू होते ती अशी, घरच्या बाईच्या तोंडच्या शब्दांतून. पुढे विद्यापीठात गेल्यावर गर्वाने, एका सोबत्याशी पैज मारून तो मेलेल्यांच्या जगातून आत्मा बोलावतो. त्याच्याबरोबर एक काळी छाया सुटते आणि त्याचा चेहरा फाडते. उरलेले पुस्तक म्हणजे त्या छायेपासून पळणे आणि मग उलट फिरून तिचा पाठलाग करणे. अखेरीस तो तिला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. हे पान वाचून मी बराच वेळ पुस्तक मिटून बसले.

हॅरीचा आणि गेडचा व्रण पाहताना मला आपल्याच मुलखातला तिसरा जखमी आठवला. नंदुरबार जिल्हा १९९८ साली धुळ्यातून वेगळा झाला. त्याच्या अक्राणी तालुक्यात, सातपुड्यात, अस्तंभ्याचा डोंगर आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो लोक पायी तो चढतात. तेथे अश्वत्थामा फिरतो आणि कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागतो, अशी समजूत आहे. आजीने ही गोष्ट मला सांगितली तेव्हा मी आठेक वर्षांची असेन. भीती वाटली होती. आता तिचा अर्थ कळतो. झोपलेल्या मुलांना रात्री मारणाऱ्या माणसाला मरण नाकारले गेले. त्याचे अमरत्व हीच त्याची शिक्षा. हॅरीचा वैरी जे अमरत्व मिळवण्यासाठी माणुसकी सोडतो, ते आमच्या डोंगरावर तेलाची भीक मागत हिंडते आहे! रिसबुडांना आपल्या जीवनात जे सापडले नाही, ते येथे पडून आहे.

मग ते किशोरांसाठी लिहिले का जात नाही? भा. रा. भागवतांनी ह्याचा अर्धा मार्ग दाखवून दिला. जूल व्हर्नचे अद्भुत त्यांनी 'चंद्रावर स्वारी' सारख्या पुस्तकांतून मराठीत आणले. आणि 'फुरसुंगीचा फास्टर फेणे' असे शीर्षक देऊन एका खेड्याचे नाव मराठी मुलांच्या ओठी रुळवले. बनेश फेणेपाशी जादू नाही. सायकल आहे, धिटाई आहे आणि 'ट्टॉक्' आहे. तेवढे पुरते. आपल्याकडे साने गुरुजींनी १९२४ ते १९३० ह्या काळात अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिकवले आणि पुढे 'धडपडणारी मुले' लिहिली. नेमाड्यांच्या 'कोसला'तला (१९६३) पांडुरंग सांगवीकर खानदेशातून पुण्याला जातो. पण ती कादंबरी समजायला थोडे वय उलटावे लागते. बारा ते सोळा ह्या वयाच्या खानदेशी मुलामुलींनी स्वतःला पाहावे असे अद्भुत पुस्तक मात्र माझ्या वाचनात आलेले नाही.

ह्याचा परिणाम मी घरात पाहते. माझा धाकटा भाऊ नववीत आहे. चांदोबाचे जुने अंक त्याला लहान मुलांचे वाटतात, मोठ्यांच्या कादंबऱ्या कंटाळवाण्या. म्हणून तो काहीच वाचत नाही. आमच्या घरी मुलाला आंडोर आणि मुलीला आंडेर म्हणतात. हे शब्द उच्चारणारा एखादा नायक त्याला पुस्तकात भेटला असता, तर तो थांबला असता, असे मला वाटते. गेडची विद्या मावशीच्या बोलीतून सुरू झाली, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

आपल्या महाविद्यालयात अहिराणी, भिली, पावरी आणि लेवा गणबोली बोलणारे विद्यार्थी आहेत. प्रत्येकाच्या आजीपाशी एखादा डोंगर, एखादी बारव, एखादी जखम आहे. ह्या सुट्टीत गावी गेल्यावर त्यांतली एकेक तरी गोष्ट त्यांच्याच शब्दांत वहीत उतरवून आणावी, एवढीच माझी विनंती आहे. कादंबरी पुढे कोणी लिहो. तिचा कच्चा माल तरी हाताशी राहील.